बारीक तंगूस आणि बाबांचं बोट

तुमच्या तत्त्वासाठी तुम्ही कधी घरातल्या माणसाला त्याची जुनी सवय सोडायला लावलं आहे का? आणि त्याने मुकाट्याने ती सोडली, तेव्हा सोडून त्याचं काय होतंय हे विचारलं होतंत का?

मी विचारलं नव्हतं. माझ्या बाबांच्या उजव्या हाताच्या तर्जनीची ही हकिकत आहे. तिच्यावर जे ओढवलं त्याला मी जबाबदार आहे.

हे बोट साधं नव्हतं. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळा म्हणजे शिशाचं अक्षर; एकेक खणातून उचलायचं, डाव्या हातातल्या पट्टीत उलटं लावायचं आणि ओळ पुरी करायची. छापखाना छोटा होता. लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त. गिरण्या बंद पडल्या तेव्हाची, झोपड्या तुटल्या तेव्हाची, पाणी आलं नाही तेव्हाची पत्रकं. आजोबा गिरणीत होते, त्यामुळे त्यातली निम्मी आमच्याच लोकांची. मी वाचायला शिकले ती त्यांवर. शाळेचा अभ्यास केला तो त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. माझ्या गणिताच्या वहीत पान उलटलं की मागे ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ असायचं.

दिवे गेले तरी बाबांचं काम थांबायचं नाही म्हणे. खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच असते, ती बोटाला लागली की अक्षर सुलटं आहे की उलटं ते कळतं. बाबा म्हणायचे, “माझ्या ह्या बोटाक डोळे आसत.” आणि तर्जनी माझ्या नाकाला लावायचे.

छापखाना बंद झाला, खिळे भंगारात वजनावर गेले आणि ते बोट रविवारपुरतं उरलं. रविवारी बाबा मासे गरवायला जायचे. आम्ही भांडुपला राहतो. डोंगराच्या बाजूला वर चढत गेलं की एक जुनी दगडाची खाण आहे. दगड काढून झाल्यावर ती पाण्याने भरली आणि तिचं तळं झालं. त्यात चिलापी भरपूर, आणि कोणीतरी कधी सोडलेले रोहू. बाबांचं बालपण मालवणकडच्या खाडीवर गेलं, त्यामुळे त्यांची पद्धत तिथलीच. काठी नाही, काही नाही. खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. टोकाला शिशाचा तुकडा आणि गरी, म्हणजे गळ. गरीला कणकेचा गोळा. दोरा पाण्यात भिरकावायचा, त्याचा एक वेढा तर्जनीला घ्यायचा आणि बसायचं. मासा चाखायला आला की बोटाला कळतं.

मी काठी आणली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन दोनदा हलवली आणि परत दिली.

“मधी काठी कित्याक? मासो हाताशी बोलता.”

काठी आणायला कारण होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी तळ्यावर एक टोळकं येऊ लागलं. जाड दोरा, त्याला चार-पाच गऱ्यांचा घोस, आमिष नाहीच. घोस पाण्यात टाकायचा आणि हिसका मारत ओढायचा. जो मासा मधे येईल त्याच्या पोटात, डोळ्यात, शेपटीत गरी घुसायची. काठावर आतडी बाहेर आलेली बोटभर पिल्लं टाकलेली असायची. मी भांडले. ते हसले. “मासाच आहे ना ताई, मतदार आहे का?” एक जण म्हणाला.

त्या रात्रीपासून मी वाचत सुटले आणि मला बारीक तंगूस सापडला. अगदी केसासारखा. पाण्यात दिसत नाही, थोडा जास्त ताण आला की तुटतो. त्याने मासा ओढता येत नाही, त्याला दमवावा लागतो. मऊ काठी वाकते, काठीवरचं रीळ आपणहून दोरा सोडतं, मासा पळतो, थांबतो, पुन्हा पळतो, आणि निम्म्या वेळा सुटतो. मला हे फार न्याय्य वाटलं. समोरच्याला सुटायची खरी संधी देऊनच त्याला धरायचं. पहिली चिलापी मी अशी काठावर आणली तेव्हा ती कुठेही न फाटता माझ्या ओल्या तळव्यावर श्वास घेत होती. मी तिला सोडून दिलं आणि घरी येऊन पत्रक लिहायला बसले.

‘जाड तंगूसाने ओढलेला मासा पकडलेला नसतो, हिसकावलेला असतो,’ अशी सुरुवात. खाली मागणी: या तळ्यावर प्रत्येकाने फक्त बारीक तंगूस वापरावा. बाबांनी लाल पेन घेऊन ते तपासलं. तिसरी ओळ लांब आहे म्हणाले, एक ‘अत्यंत’ काढून टाकलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“‘प्रत्येकाने’ म्हणजे मी पण?”

“तुम्हीच शिकवलंत ना? पत्रक काढणाऱ्याने ते पहिलं आपल्या घरात लागू करायचं.”

“अगो, पण मी हिसको खय मारतंय? माझो एकच गरो, एकच मासो.”

“नियमाला घरचा माणूस अपवाद असेल तर तो नियम कसला, बाबा?”

आई आतून ओरडली, “बापलेकीचं आंदोलन बाहेर नेऊन करा. इथे माझं वाटण करपतंय.”

बाबा उठले. खाटेखालून ती तेलाची बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती माळ्यावर टाकली आणि त्यांना बारीक तंगूसाचं नवंकोरं बंडल दिलं. त्यांनी दोऱ्याचं टोक शोधायला बराच वेळ लावला. खिडकीशी नेऊन, डोळे बारीक करून.

“ह्यो तंगूस म्हणतंस? ह्यो तर तुझ्या आवशीचो केस!”

आम्ही सगळे हसलो. टोक शोधायला वेळ लागला तो चष्म्यामुळे असं मी धरून चालले.

मला काय माहीत होतं ते इथे प्रामाणिकपणे लिहिते. बाबांना बारा वर्षं मधुमेह आहे हे माहीत होतं. चालताना पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही, हेही माहीत होतं, त्यावर घरात विनोद व्हायचे. पायाला जे झालं ते हाताला होऊ शकतं, हा विचार मात्र मी केला नव्हता. आणि बारीक तंगूसाची सगळी मजा काठी आणि रिळामुळे आहे, नुसत्या हाताने धरला तर तो सुरीच्या पात्यासारखा वागतो, हे माझ्या पत्रकात कुठेच नव्हतं. काठी वाकते. बोट वाकून किती वाकणार?

पुढचे पाच-सहा रविवार बाबांनी तो दोराही काठीशिवाय बोटालाच गुंडाळला आणि त्यांना एकही मासा लागला नाही. पलीकडच्या दगडावर एक निवृत्त रिक्षावाले काका बसायचे. त्यांना हा तमाशा फार आवडायचा.

“काय मॅडम, तुमच्या नियमाने मासे पण संपावर गेले वाटतं?”

“काका, तुम्ही जाड वापरता, तुमच्याशी मी बोलत नाही.”

“बरोबर आहे. मी खातो, तू सोडतेस, आणि तुझा बाप नुसता बसतो. झकास चाललंय तुमचं.”

बाबा हसायचे. आता आठवतं, त्यांच्या गरीवरची कणीक दर वेळी खाल्लेली असायची. मासा येत होता, खाऊन जात होता आणि बोटाला काही कळत नव्हतं. जाड दोऱ्याचा हिसका निदान तळव्यापर्यंत पोचायचा. माझ्या दोऱ्याचा कुठेच पोचत नव्हता. मग त्यांनी एकाच्या जागी दोन वेढे घेतले. पुढच्या रविवारी तीन. नंतर तीन वेढ्यांवर एक अडकवा, म्हणजे ओढल्यावर घट्ट होणारी गाठ, टाकून दोरा आवळून घेऊ लागले, म्हणजे घट्ट बसेल आणि काहीतरी जाणवेल. मी हे पाहिलं होतं. मी हे पाहिलं होतं आणि मला वाटलं, वा, बाबा किती मनावर घेतायत.

त्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आधी रोहूने त्यांचा गोळा घेतला. पाण्यावर वाटीएवढा भोवरा उठला आणि बाबांचा हात खांद्यापासून पुढे ओढला गेला. त्यांनी सवयीने हात मागे घेतला. काठी असती तर वाकली असती, रीळ असतं तर किरकिरत दोरा सोडला असता. इथे तीन वेढे आणि एक अडकवा. दोरा क्षणभर सतारीच्या तारेसारखा ताणला गेला आणि मधेच तुटला.

“गेलो गो गेलो! केवढो होतो!” बाबा लहान मुलासारखे ओरडले. इतक्या आठवड्यांनी त्यांना मासा कळला होता. मी टाळ्या वाजवल्या. रिक्षावाले काका दगडावरून उठून उभे राहिले. “वाट लागली! पत्रकवाली जिंकली, रोहू सुटला!”

बाबांनी दातांनी दोऱ्याचा गुंता तोडला, बोटावरचे वेढे उकलून फेकले. मी ते उचलून खिशात घातले, कारण तळ्यावर तंगूस टाकायचा नाही असंही माझ्या पत्रकात होतं. बोटावर लाल रेघा होत्या.

“लागलं का?”

“माका कायेक होऊक नाय.”

दोन वेढे मी खिशात घातले. तिसरा बोटातच होता. पहिल्या पेराच्या घडीत, कातडीत रुतलेला, पाण्यात दिसू नये म्हणून बनवलेला. तो ओल्या कातडीतही दिसत नव्हता. आम्ही तास-दीड तास आणखी बसलो.

सोमवारी बोट सुजलं. आईने हळद लावली. बाबा म्हणाले, “चिलापीचो काटो लागलो आसतलो.” त्या दिवशी चिलापी धरलीच नव्हती, हे मला आठवायला हवं होतं. मंगळवारी गल्लीतल्या डॉक्टरांनी काट्याची जखम म्हणून गोळ्या दिल्या. त्यांना दोष देत नाही, आम्हीच काटा सांगितला होता. दुखतं का, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, अजिबात नाही. डॉक्टर म्हणाले, मग छान. बुधवारी संध्याकाळी बोटाचं टोक जांभळं दिसलं आणि सूज इतकी होती की पेराची घडी एक खोल चर झाली होती. मी रिक्षा केली आणि मुलुंडच्या बाजूला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची. तिने बोट दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ त्या चराकडे पाहिलं. “इथे काही बांधलं होतं का?” मी म्हणाले, नाही. मग एकदम खिसा आठवला. मी तीच जीन्स घातली होती. खिशातून ते दोन वेढे काढून तिच्या तळव्यावर ठेवले. ते तिला आधी दिसलेच नाहीत, बोटाने चाचपावे लागले.

तिने बारीक चिमट्याने तिसरा वेढा काढला. पापणीच्या केसाएवढा तुकडा. तो स्टीलच्या ताटलीत पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

नंतर तिने जे केलं ते मी विसरू शकत नाही. तिने खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं. त्याच्या टोकाला नायलॉनचा एक आखूड, सरळ तुकडा होता. तंगूसच. मी ओळखला. मधुमेहाच्या माणसांची संवेदना तपासायला हाच वापरतात, ती म्हणाली.

“काका, डोळे मिटा. मी हाताला हे टेकवेन. कळलं की ‘हो’ म्हणा.”

बाबांनी डोळे मिटले. तिने अंगठ्याला दोरा टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. बाबा गप्प. मधल्या बोटाला टेकवला. बाबा गप्प. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की फार वेळ शांतता झाली. ते म्हणाले, “हो.”

तेव्हा तिने कुठेच दोरा टेकवला नव्हता.

“हो,” बाबा पुन्हा म्हणाले. “कळता, कळता.”

डॉक्टरीण माझ्याकडे पाहून हळूच मान हलवत होती. बाबा डोळे घट्ट मिटून, शाळेत फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलासारखे, अंदाजाने ‘हो’ म्हणत होते. दोन्ही हातांची दहाही बोटं. एकालाही डोळे उरले नव्हते. किती वर्षं झाली असतील कोणास ठाऊक.

बाहेर बाकावर मी विचारलं, “सांगितलं का नाहीत?”

त्यांनी ते बोट दुसऱ्या मुठीत झाकलं. मग म्हणाले, “बोट मेला म्हणान सांगू तुका? ज्या बोटान तुका वाचूक शिकवलंय?” आणि हातातली पिशवी माझ्याकडे देत, “आणि चेडवा, तुझा पत्रक बरोबर होता. म्हटला, आपल्यामुळे खोटा पडाक नको.”

मला तेव्हा कोणावर तरी ओरडायचं होतं. मला ओरडता येतं, लिहिता येतं, सह्या गोळा करता येतात, कार्यालयाच्या दाराशी बसता येतं. मी डोक्यात मजकूर जुळवू लागले आणि तो कोणाच्या नावे काढायचा तेच सापडेना. रोहूच्या? दोऱ्याच्या? समोर जबाबदार म्हणून एकच नाव होतं आणि ते नाव त्या बाकावर बाबांची पिशवी मांडीवर घेऊन बसलं होतं.

त्यानंतरचे दिवस हे सगळ्यात वाईट. मला वाटलं होतं, काहीतरी करतील, औषध, सुई, शस्त्रक्रिया, काहीही. डॉक्टरीण म्हणाली, आता वाट बघायची. काळं कुठे थांबतंय ते बोट स्वतःच दाखवतं. आधी घाई केली तर जगणारा भागही कापला जातो. म्हणजे रोज सकाळी पट्टी सोडायची, काळी कड कालच्यापेक्षा खाली आली का पाहायचं आणि पुन्हा पट्टी बांधायची. बस्स. मी उन्हापावसात मोर्चात चालले आहे, पण त्या दहा मिनिटांएवढी शक्ती कशालाच लागली नाही. नखाच्या खाली कड होती. दुसऱ्या दिवशी तिथेच वाटली. आई म्हणाली, थांबलं बघ. तिसऱ्या दिवशी ती खाली होती. पेराच्या घडीशी, नेमकी जिथे माझा दोरा होता तिथे, ती थांबली.

बाबांना दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं आणि असं वाटण्याची लाजही वाटायची.

पहिलं पेर गेलं. खाच ओळखणारं नेमकं तेवढंच. बाबा आता पेन मधल्या बोटाने धरतात, अक्षर वाकडं येतं, त्यावर चिडतात. मी माळ्यावरून तेलाची बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती परत खाटेखाली ठेवली. तळ्यावर ते येतात, हातात दोरा घेत नाहीत. रिक्षावाले काका त्यांच्यासाठी जागा धरून ठेवतात आणि मला टोमणे मारत नाहीत. तेवढं सुद्धा मला नको होतं.

हिसके मारणारं टोळकं अजून येतं. मी अजून बारीक तंगूसच वापरते, काठी आणि रिळावर. माझं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. मात्र ते ज्याच्यावर लागू केलं त्याच्या हाताकडे मी पाहिलं नव्हतं.

त्या पत्रकाच्या प्रती मी तळ्यावर, भांडुप स्टेशनबाहेर, दिंडोशीपर्यंत ओळखीच्यांत वाटल्या होत्या. एखादी तुमच्याकडे असेल तर फाडू नका. उलटी करा, ती पाठकोरी आहे. तिच्यावर लिहा: तंगूस बोटाला गुंडाळू नका. आणि मग एक काम कराच. बारीक तंगूसाचा बोटभर तुकडा कापा, नसेल तर झाडूची मऊ काडी घ्या. घरात ज्यांना मधुमेह आहे त्यांना समोर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि दहाही बोटांना एकेक करून टेकवा. मधेच एकदा काहीच टेकवू नका. टेकवलेलं त्यांना कळलं नाही, किंवा काहीच न टेकवता ते ‘हो’ म्हणाले, तर त्यांचा हात सोडू नका, उद्याच डॉक्टरकडे घेऊन जा.